कॉम्प्युटर बंद करू नये

कवळीबाईच्या आईच्या तोंडात दात नाहीत, ही बातमी गल्लीने दोन दिवस चवीने चघळली. गल्लीचं तरी काय चुकलं? आसपासचे सगळे दातांचे डॉक्टर जिच्याकडे कामं पाठवतात, भागातली निम्मी म्हातारी माणसं जिच्या हातच्या दातांनी जेवतात, तिचीच आई बोळकं तोंड पदराने झाकून दारात बसलीये म्हटल्यावर लोक बोलणारच. कवळीबाईला खरं नाव होतं, पण पाटीवर ‘येथे कवळ्या करून मिळतील’ एवढंच होतं, आणि लोक पाटी वाचून मोकळे झाले होते.

आईची जुनी कवळी धुताना निसटली आणि बेसिनवर आपटली. तीन तुकडे झाले. त्यातला समोरचा, म्हणजे नेमका लागणारा, जाळीतून खाली गेला. जोडायला काही उरलं नाही. हाताने नवी करायची तर मेण, साचा, शिजवणं, घासणं यात आठवडा जातो. मशीनवर मात्र दिवसात होते. कवळीबाईने आईच्या हिरड्यांचं माप घेतलं, कॉम्प्युटरवर दात जुळवले, सगळं तयार करून ठेवलं. सकाळी फक्त मशीनला हुकूम द्यायचा बाकी होता.

घाई आईला होती. उद्या सकाळच्या बसने दादाकडे जायचं, असं तिने जाहीर केलं होतं. आई वर्षातले सहा महिने लेकीकडे आणि सहा महिने लेकाकडे असायची. लेक तिला इकडे बसमध्ये बसवून द्यायची, सून तिकडे उतरवून घ्यायची. पण यंदाची तिकडे जायची वेळ अजून लांब होती. ‘का जायचंय?’ विचारलं तर आई म्हणाली, ‘जायचंय.’ आणि दातांशिवाय जाशील का, तर मान हलवून म्हणाली, ‘नाही.’ हे दोन शब्द दातांशिवायही बोलता येतात. बाकीचं बोलायला गेली की निम्मी हवाच यायची.

आता मधेच सांगायला हवं, की कवळीबाई आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण मशीनवरून झालं होतं. दादा एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. दात कोरायचं मशीन बहिणीने जुनं घेतलं, ते बनवणारे दुकान गुंडाळून गेले, आणि त्याचा प्रोग्रॅम एका जुन्यापुराण्या विंडोजशिवाय कशावर चालेना. तेव्हा दादानेच तोडगा काढला. कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं आणि त्याच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर तयार करून त्यात ते जुनं विंडोज बसवलं. बाहेर लिनक्स, आत विंडोज, आणि त्याच्या आत दात. मॉनिटरवर त्याने स्वतःच्या अक्षरात एक पट्टी चिकटवली, ‘कॉम्प्युटर बंद करू नये’.

मग एकदा असाच येऊन, काहीतरी नवीन घालायचं म्हणून त्याने विचारल्याशिवाय कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मशीनमध्ये एका गायकाचे पुढचे दात अर्धे कोरून झाले होते. ते गेले. गायकाचा कार्यक्रम गेला. दादा म्हणाला, काम चालू आहे हे कुठेतरी लिहून ठेवायचं असतं. त्यावर कवळीबाई गिऱ्हाइकांसमोर, वहिनीसमोर, एक एक शब्द सुटा करून म्हणाली, ‘परत माझ्या मशीनला हात लावायचा नाही.’ दादाने चष्मा पुसला, पिशवी उचलली आणि गेला.

एवढ्यावर भागलंही असतं. पण आईने समेट घडवायला घेतला. इकडचे निरोप तिकडे, तिकडचे इकडे, आणि दोन्हीकडे गोडी वाढावी म्हणून वाटेत थोडं थोडं पदरचं घातलं. महिन्याभरात असा चुथडा झाला की दोघांनीही आईलाच झापलं. तेव्हापासून आईने कानाला खडा लावला. इकडचं तिकडे करायचं नाही. एका घरात काय शिजलं हेसुद्धा दुसऱ्या घरात सांगायची नाही. हा नियम तिने इतका कडक पाळला की, वहिनीने केस कापले हे कवळीबाईला फोटोवरून कळलं.

तर त्या सकाळी कवळीबाईने हात पुसले, खुर्ची ओढली आणि आतलं विंडोज उघडायला गेली. ते उघडलं नाही. इंग्रजीत एक चौकोन आला. चौकोन बंद केला, परत उघडलं, परत तोच चौकोन. आदल्या संध्याकाळी लाईट गेली होती, तेवढंच काय ते झालं होतं. तिने मशीनची वायर काढून परत लावली, सगळेच करतात तसं. मशीन ढिम्म.

नाक्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळे फॉरमॅटवाला म्हणत, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे तेवढंच औषध होतं. तो आला, पट्टी वाचली, हसला, चौकोन वाचला आणि हसायचा थांबला.

‘कर्नल बदललाय,’ तो म्हणाला.

‘म्हणजे?’

‘म्हणजे लिनक्सचं मूळ असतं ना, ते. त्याचे अपडेट येतात. तुमचा हा आतला खोटा कॉम्प्युटर त्या मुळावर नेमका बसवलेला असतो. मूळ नवीन आलं की हा बसत नाही. परत बसवून घ्यावा लागतो.’

हे कवळीबाईला लगेच पटलं. हिरडी आक्रसली की चांगली कवळीसुद्धा हलते, परत बसवून घ्यावी लागते. त्यात कवळीचा दोष नसतो.

‘पण आज कसा बदलला?’

‘आज नाही. तो आपोआप उतरून कधीचा आत पडून असणार. बंद करून चालू केल्याशिवाय लागू होत नाही. काल लाईट गेली, आज लागू झाला.’ मग त्याने विचारलं, ‘मागच्या वेळी कोण आलं होतं बसवायला?’

‘मागच्या वेळी कधी?’

‘अहो, हे काय आयुष्यात एकदा होत नाही. दर एक-दोन महिन्यांनी येतंच. दर वेळी हे असंच बंद पडणार.’

‘कधीच बंद पडलं नाही.’

‘असं होत नाही बाई.’

‘माझं मशीन आहे. मला माहीत नाही?’

‘मग कुणीतरी येऊन बसवून जातंय,’ फॉरमॅटवाला म्हणाला. ‘बाहेरून. इंटरनेटवरून.’

‘चोर?’

‘चोर काहीतरी नेतो. हा येतो, बसवून देतो आणि जातो. असला चोर मिळाला तर मलाही सांगा.’

कवळीबाईला सोमवारच्या सकाळी आठवायला लागल्या. अधूनमधून एखाद्या सोमवारी कॉम्प्युटर नव्याने चालू झालेला दिसायचा, रविवारी उघडं ठेवलेलं सगळं बंद. ती म्हणायची, रात्री लाईट गेली असेल. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली आई याच सुमाराला उठली आणि काही काम नसताना आतल्या खोलीत गेली.

‘मुख्य पासवर्ड सांगा,’ फॉरमॅटवाला म्हणाला. ‘बघतो प्रयत्न करून.’

तिला जो माहीत होता तो तिने सांगितला. तो चालला नाही. तिचा म्हणे नुसता घरात शिरायचा होता, लागत होता तो तिजोरीचा.

‘तो मला माहीत नाही.’

‘मग फॉरमॅट मारू.’

‘आतली मापं?’

‘जाणार.’

‘जुळवलेले दात?’

‘सगळंच जाणार ना. फॉरमॅट आहे तो.’

तिने त्याला बाहेर चहा प्यायला पाठवलं. तो नाराज नव्हता. चहाचे पैसे तिने दिले होते.

आतल्या खोलीत आई खाटेवर बसली होती. शेजारी उद्याची पिशवी भरून तयार.

‘आई, मशीनचं कोण बघतं?’

आई छताच्या पंख्याकडे बघू लागली.

‘दादा बघतो?’

‘मी इकडचं तिकडे करत नाही,’ आई म्हणाली. शब्द फुसफुसत आले, पण हे वाक्य इतक्या वेळा ऐकलेलं होतं की दात नसले तरी कळलं.

‘बरं, नको करू. मला आज मशीन चालू करायचंय. नाहीतर तुला दात नाहीत, आणि दात नाहीत तर उद्या तुझं जाणं नाही. बघ बाई तूच.’

आईने उद्याची पिशवी जवळ ओढली. मग तिने कमरेची मोबाईलची पिशवी काढली, चष्मा लावला, बटणं दाबली, आणि फोन वाजायला लागल्यावर तो लेकीच्या हातात दिला. स्वतः तोंडावर पदर घेतला. निरोप म्हणून तिने एक अक्षर काढलं नाही. नियम मोडला असं कुणी म्हणू शकलं नसतं.

‘हां आई, बोला,’ पलीकडून वहिनी म्हणाली.

‘मी बोलतेय.’

वहिनीने आवाज ओळखला, हे तिच्या गप्प बसण्यावरूनच कळलं. ‘कोण?’ ती तरीही म्हणाली.

‘मी. दादा आहे का?’

‘आहेत. पालथे झोपलेत.’

‘या वेळी?’

‘रात्रंदिवस पालथंच राहायचंय अजून आठवडाभर. डोळ्याचं ऑपरेशन झालं ना. पडदा सरकला होता. आईंनी सांगितलं नाही?’

कवळीबाईने आईकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी आई त्याच्याकडेच बघत होती.

‘कुठला डोळा?’

‘चांगला होता तो.’

दादाचा दुसरा डोळा लहानपणापासून अधू होता. एका झोक्याने तो तसा झाला होता, आणि झोका कवळीबाईने दिला होता. पण ते पाच वर्षांच्या पोरीने केलेलं, त्याचा विषय घरात कुणी कधी काढला नव्हता. ती खाटेवर आईशेजारी बसली.

‘दिसेल ना?’

‘पट्टी काढल्यावर कळेल म्हणतात. तोवर काहीच नाही दिसत. आवाजावर चाललंय सगळं.’ वहिनीचा आवाज थोडा खाली आला. ‘आईंशी रोज बोलतात फोनवर. पण आता त्यांना दात नाहीत ना, यांना काही कळतच नाही. एरवी समोर बसून ओठांवरून तरी कळलं असतं, आता तेही नाही. काल फोन ठेवला आणि मला विचारलं, आई रडत होती का गं.’

मग आईला दात कशासाठी हवे होते ते कवळीबाईला समजलं. आणि आधी विचारलंच नाही याचा तिला राग आला. विचारलं होतं, पण असं विचारलं होतं की उत्तर नाही आलं तरी चालेल.

‘दादाला दे,’ ती म्हणाली.

खसफस झाली. वहिनीने फोन कुठेतरी उशीखाली सरकवला असावा, कारण पलीकडून आवाज आला तो कापसातून आल्यासारखा.

‘लाईट गेली होती का?’ दादाने विचारलं.

इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हे.

‘काल संध्याकाळी.’

‘तरी म्हटलं. यूपीएसची बॅटरी बदलायला सांगितलं होतं.’

‘कुणाला?’

‘आईला.’

‘आई इकडचं तिकडे करत नाही.’

‘हो,’ दादा म्हणाला. ‘ते लक्षात नाही राहिलं.’

त्याच्या डोक्यात कर्नलच असावा, कारण तो एकदम म्हणाला, ‘कॉम्प्युटरसमोर बस. काळी खिडकी उघड. उघडली? आता एस, यू. एंटर. मी दोन आठवड्यांपूर्वीच बसवणार होतो. पण इकडे हे झालं.’

‘एस यू झालं.’

‘आता पासवर्ड मागेल. टाईप करताना स्क्रीनवर काही उमटणार नाही. घाबरायचं नाही, टाईप करत राहायचं.’

‘सांग.’

पलीकडे पलंग करकरला.

‘दादा, सांग.’

‘तुला माहीत आहे.’

‘मला कुठून माहीत असणार?’

‘तुझंच आहे. तू शेवटचं म्हणाली होतीस ते. इंग्रजी अक्षरांत, सगळं सलग, मधे जागा सोडायची नाही.’

कवळीबाईची बोटं कीबोर्डवर होती. ती तिथेच राहिली. बंद पडलेलं मशीन, भिंतीवर साच्यांची रांग, आणि स्क्रीनवर एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

‘ “लावायचा नाही”, की “लावू नकोस”?’ तिने शेवटी विचारलं.

‘ “लावायचा नाही”. सुरुवातीला “परत” आहे.’

तिने टाईप केलं. परत माझ्या मशीनला हात लावायचा नाही. स्क्रीनवर खरंच काही उमटलं नाही. एक अक्षर दिसत नसताना ते वाक्य तिला सबंध लिहावं लागलं, आणि लिहिताना ते तिला आठवत होतं त्यापेक्षा लांब निघालं. एंटर दाबलं. कॉम्प्युटरने ते मुकाट्याने मान्य केलं.

‘घेतला?’

‘घेतला.’ मग तिने विचारलं, ‘दर वेळी तू हे टाईप करायचास?’

‘पासवर्ड लांब असला की सुरक्षित असतो,’ दादा उशीत म्हणाला.

तिला रडूही आलं आणि त्याच्या डोक्यात एक टपली मारावीशीही वाटली. पण तो ऑपरेशनचा माणूस, आणि होता कैक कोसांवर.

पुढचं तासभर चाललं. दादाने सगळं आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवलं होतं, तिला फक्त त्या फाईलला नाव टाईप करून हाक मारायची होती. हाकेआधी एक टिंब आणि एक स्लॅश.

‘कुठला स्लॅश?’

‘उजवीकडे झुकलेला.’

‘डोकं उजवीकडे की पाय?’

‘डोकं. प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा.’

‘मग तसं सांग ना.’

‘तसंच सांगतोय.’

पहिल्यांदा पडदाभर लाल अक्षरं आली. तिने ती एक एक करून वाचून दाखवली, इंग्रजी शब्द जसे दिसले तसे. दादाने ‘थांब’ म्हटलं आणि इतका वेळ गप्प राहिला की ती म्हणाली, झोपलास काय? तो म्हणाला, डोळ्यांसमोर आणतोय, दुसरं काय आणणार. मग त्याने एक लांबलचक ओळ तोंडपाठ सांगितली. ती तिने दोनदा चुकवली. तिसऱ्यांदा अक्षरं पांढरी आली आणि धो धो वाहू लागली.

‘पांढरी येतायत.’

‘येऊ देत. हात लावू नकोस.’

हे बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं. तिच्याही आलं.

वाहणं थांबलं. तिने आतलं विंडोज उघडलं. जुनं निळं चित्र आलं, त्याच्या आत प्रोग्रॅम, त्याच्या आत आईचे दात, काल जुळवले तसेच. तिने हुकूम दिला. मशीनने घसा खाकरला, आणि ज्यातून कवळी कोरायची त्या गुलाबी चकतीवर सुई फिरायला लागली. तिने फोन मशीनपाशी धरला.

‘बेअरिंग वाजतंय त्याचं,’ दादा म्हणाला. आणि मग, ‘ठेव आता. ही ओरडतेय.’

फॉरमॅटवाला चहा पिऊन आला तेव्हा गुलाबी भुसा उडत होता. ‘झालं?’ त्याने विचारलं. ‘फॉरमॅट न मारता?’ त्याला वाईट वाटलेलं दिसलं. म्हणून कवळीबाईने त्याला बसवून घेतलं आणि एक गोष्ट शिकवायला सांगितली, तेवढी त्याला येत होती.

संध्याकाळी कवळी तयार झाली. तिने कडा घासल्या, चकाकी आणली, धुतली आणि आईला आ करायला सांगितलं. आईने दात आत घेतले, इकडे तिकडे चावून पाहिलं, जीभ फिरवली. गालांत हवा होती तिथे गाल आले. दोन दिवसांनी म्हातारी परत स्वतःसारखी दिसली.

‘बोल काहीतरी.’

आईने विचार केला. ‘मी इकडचं तिकडे करत नाही,’ ती खणखणीत म्हणाली. ‘तुझं तू ये आणि तुझं तू बोल.’

‘मी येणारच होते,’ कवळीबाई म्हणाली. ‘नवी कवळी पहिले दोन दिवस टोचतेच. घासून द्यायला कुणीतरी बरोबर लागतं.’

आई हो म्हणाली. या सबबीत काय दम होता ते तिला कळत होतं, पण दात तिचे होते आणि ते खरंच थोडे टोचत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी दादाच्या घरी होत्या. दादा पलंगावर पालथा, डोळ्यांवर पट्टी, तोंड एका गोल उशीच्या भोकात. त्याच्याशी बोलायचं तर त्याच्या तोंडाच्या पातळीला यावं लागत होतं. कवळीबाई फरशीवर बसली. आई उशाशी खुर्चीत बसून एक एक शब्द तोडून, स्पष्ट, त्याला काहीबाही सांगत होती. एकाही वाक्यात दुसऱ्या घरचं काही नव्हतं. मग ती वहिनीबरोबर स्वयंपाकघरात गेली.

‘कॉम्प्युटर चालू ठेवून आलीस ना?’ दादाने फरशीकडे बोलत विचारलं.

‘चालू आहे. पट्टी लावलीये ना तू.’

‘तो पासवर्ड बदलून टाक आता. सांगतो कसा.’

‘बदलला. कालच.’

उशी थोडी हलली. ‘तुला कुणी सांगितलं कसा बदलायचा?’

‘फॉरमॅटवाल्याने.’

‘त्याने?’ दादाला हे ऑपरेशनपेक्षा लागलेलं दिसलं. ‘बरं. काय ठेवलास?’

‘सांगणार नाही.’

‘अगं, मग पुढचा कर्नल आला की मी काय करू?’

‘मला फोन करायचा. विचारायचं. मग मी सांगेन.’

‘दर वेळी?’

‘दर वेळी. तुझं काम झालं की मी परत बदलणार.’

पट्टी पुढच्या आठवड्यात निघणार होती, आणि तिच्याखाली काय असेल ते दोघांनाही माहीत नव्हतं. कवळीबाईने हात वर करून त्याचा लटकलेला हात हातात घेतला. त्याने तो काढून घेतला नाही.

‘लांब ठेवत जा मग,’ तो म्हणाला.